तळघरातली रोपं अंगणात नेताना

मे महिना लागला की टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या बाजूला एखादा दिवस असा येतो की स्वेटर काढून ठेवावासा वाटतो. आकाश निळं, पारा बावीसवर, शेजारी गवत कापतोय. त्या दिवशी तळघरात दिव्याखाली दोन महिने जपलेली मिरचीची, वांग्याची, टोमॅटोची रोपं उचलावीत आणि मागच्या डेकवर उन्हात मांडावीत, असं कुणालाही वाटेल. पहिल्या वर्षी मी तेच केलं. सकाळी नऊ वाजता छत्तीस रोपं बाहेर ठेवली आणि कामावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा वरची पानं पांढरी पडली होती. हात लावला की पापडासारखी मोडत होती. पाणी कमी पडलं असेल या समजुतीने मी त्यांना भरपूर पाणी घातलं, आणि आठवड्याभरात निम्म्याहून जास्त रोपं गेली. फेब्रुवारीपासूनची मेहनत एका दुपारीत संपली, आणि त्याचं मला खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून दर वर्षी रोपांना बाहेरची सवय लावायला मी दहा दिवस बाजूला ठेवते. या दहा दिवसांत काय करायचं आणि का करायचं, ते पहिल्यांदाच घरात रोपं करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. वेळापत्रक ऑन्टारिओचं आहे. दुसरीकडे राहत असाल तर तारखा बदला, क्रम तोच ठेवा.

रोप नाजूक का असतं

घरातलं रोप आजारी नसतं. ज्या उजेडात ते वाढलं, त्या उजेडापुरतं त्याने आपलं पान घडवलेलं असतं. एखादा चांगला एलईडी दिवा रोपांच्या शेंड्यावर साधारण १५ ते २० हजार लक्स उजेड देतो. बाहेर निरभ्र दुपारी तो एक लाखाच्या घरात जातो. आपले डोळे दोन्हीकडे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, पानाला मात्र तो सोसावा लागतो. घरातलं पान पातळ आणि रुंद असतं, कारण त्याला मिळेल तेवढा उजेड गोळा करायचा असतो. अचानक पाचपट उजेड पडला की त्यातला हरितद्रव्याला वापरता येत नाही तो भाग पानाच्या पेशीच जाळतो. पांढरे डाग पडतात ते याच कारणाने.

त्यात अतिनील किरणांची भर पडते. साध्या एलईडीत ते जवळजवळ नसतात, आणि खिडकीची काच त्यातले सर्वांत दाहक किरण अडवते. म्हणजे खिडकीत वाढलेलं रोपसुद्धा खऱ्या उन्हात कधी उभंच राहिलेलं नसतं. हे लक्षात ठेवा, कारण “माझी रोपं दक्षिणेच्या खिडकीत होती, त्यांना उन्हाची सवय आहे” हे मी खूप जणांकडून ऐकते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि माझ्या मते नवखे लोक उन्हापेक्षा वाऱ्यालाच जास्त फसतात. पानावर मेणाचा एक पातळ थर असतो, तो पानातलं पाणी राखतो. घरातल्या स्थिर हवेत रोप हा थर जाड करत नाही. पानावरची रंध्रं चटकन मिटण्याचीही त्याला सवय नसते. वाऱ्यात पाणी भराभर उडून जातं, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत आणि रोप मान टाकतं. खोडही कधी डोललेलं नसतं, त्यामुळे एखादा झोत आला की ते बुडाशी वाकतं.

आणखी एक गैरसमज आपल्या लोकांत पक्का आहे: कॅनडाचं ऊन सौम्य असतं. मेच्या मध्याला टोरोंटोत दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच असतो. पुण्यात तो एवढ्या उंचीवर मार्चच्या पहिल्या आठवड्यात असतो. पुण्यातलं होळीच्या सुमाराचं दुपारचं ऊन आठवा आणि त्यात तळघरातलं रोप ठेवाल का ते स्वतःला विचारा. हवा गार असते म्हणून आपल्याला चटका बसत नाही, एवढंच.

हे काही परदेशी लाड नाहीत. जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटोची रोपं शेडनेटखाली ट्रेमध्ये वाढतात, आणि लावणीच्या आधी त्यांचं पाणी कमी करून, सावली काढून ती कणखर केली जातात. जळगावकडची टिश्यू कल्चरची केळी तर प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघाल्यावर आधी हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये अशा दोन मुक्कामांनंतरच शेतात जातात. खान्देशातला शेतकरी बाटलीतलं रोप थेट जमिनीत लावत नाही. आपणही लावू नये.

बाहेर काढण्याआधीचा आठवडा

अर्धं काम घरातच होतं. रोपांना तिसरं-चौथं खरं पान (बीजातल्या पहिल्या जोडपानानंतर येणारं) आलं की त्यांच्यावर छोटा पंखा सोडा, पानं हलकी थरथरतील इतकाच, रोज दोन-तीन तास. पंखा नसेल तर येता-जाता शेंड्यांवरून तळहात फिरवा, दिवसातून दोनदा, दहा-वीस वेळा. हलवलेलं, स्पर्श झालेलं रोप बुटकं राहतं आणि त्याचं खोड जाड होतं. या परिणामाला १९७३ मध्ये मार्क जॅफ या शास्त्रज्ञाने थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे, आणि शाळेत जाणारी मुलं ते आनंदाने करतात.

नत्राचं खत आता थांबवा. नत्राने लुसलुशीत, पाणीदार वाढ होते आणि ती बाहेर टिकत नाही. पाणी थोडं ताणा. मातीचा वरचा थर कोरडा दिसल्यावर, पण पानं माना टाकायच्या आत द्या. आपल्याकडे बागेला ताण देतात तसाच हा ताण, फक्त फार हलक्या हाताने, कारण छोट्या कपात चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

कुंडी बदलायची असेल तर ती या आठवड्याच्या सुरुवातीलाच बदला. मुळं नव्या मातीत शिरायला पाच-सात दिवस घेतात. कुंडीबदल आणि ऊन दोन्ही एकदम दिलं तर रोप दोन्हीकडून खचतं.

आणि पानांची मागची बाजू बघा. मावा, पांढरी माशी, लाल कोळी हे घरात शांतपणे वाढत असतात. कोळ्याची बारीक जाळी दिसली तर ते रोप बाकीच्यांपासून वेगळं करा आणि पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. बाहेर गेल्यावर मावा खाणारे ढालकिडे येतात हे खरं, पण ते यायच्या आत खचलेलं रोप आणखी खचतं.

दहा दिवस

रोपं एका मोठ्या ट्रेमध्ये किंवा दुधाच्या क्रेटमध्ये ठेवा. रोज आत-बाहेर करायचं आहे. एकेक कप उचलावा लागला तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

सुरुवात ढगाळ दिवशी करा. हवा १५ अंशांच्या आसपास असावी आणि वारा शांत असावा. पहिल्या दिवशी घराच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत तास-दीड तास ठेवा आणि आत घ्या. दुसऱ्या दिवशी तिथेच तीन तास. हे दोन दिवस ऊन अजिबात नको. मोकळ्या आकाशाखालची सावलीसुद्धा रोपाला दिव्याइतका, कधी त्याहून जास्त उजेड देते, आणि वाऱ्याची ओळख होते. काही पानं पहिल्या दिवशी थोडी मलूल होतील आणि आत आल्यावर तासाभरात सावरतील. तेवढं चालतं.

तिसऱ्या दिवशी कोवळं ऊन द्या, अर्धा-पाऊण तास. इथे घड्याळाकडे नीट लक्ष द्या. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, म्हणून टोरोंटोत सूर्य बाराला माथ्यावर येत नाही, सव्वा वाजण्याच्या सुमाराला येतो. याचा फायदा असा की सकाळी नऊचं ऊन खरोखर कोवळं असतं. तोटा असा की “दुपार टळली” म्हणून तीन वाजता रोपं बाहेर ठेवली तर ती जवळजवळ भर दुपारीच ठेवल्यासारखी होतात. कामावरून पाच-साडेपाचला परत येणाऱ्यांनी संध्याकाळचं ऊन वापरलं तरी चालेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळचं ऊन दीड ते दोन तास, बाकी वेळ सावली. सहाव्या-सातव्या दिवशी अकरापर्यंत. इथपर्यंत आल्यावर पानात बदल दिसू लागतो. हिरवा रंग गडद होतो, पान हाताला थोडं जाड लागतं, शेंड्यातून येणारं नवं पान आकाराने लहान पण घट्ट असतं. या नव्या पानाकडे लक्ष ठेवा. ते उघड्या हवेत जन्माला आलेलं असतं आणि पुढे रोपाची सगळी मदार त्याच्यावर आणि त्याच्यानंतरच्या पानांवर असते. आठव्या दिवशी दुपारी एकपर्यंत, नवव्या दिवशी पूर्ण दिवस आणि दहाव्या दिवशी रात्रही बाहेर, पण हवामान तसं असेल तरच.

दहा हा आकडा माझ्या अनुभवातला आहे. मध्ये गार पाऊस आणि वारा आला तर तेरा दिवस लागतात. सलग चार दिवस ढगाळ गेले तर ते दिवस उन्हाच्या हिशेबात धरू नका. ढगांखाली पाच दिवस काढलेलं रोप सहाव्या दिवशीच्या स्वच्छ उन्हात तसंच भाजतं.

दिवसभर नोकरी करणाऱ्यांची अडचण खरी आहे. दुपारी रोपं हलवायला घरी कोण येणार? यावर दोन उपाय मला चांगले वाटले. पहिला म्हणजे घराची पूर्वेकडची भिंत. तिथे सकाळी ऊन येतं आणि दुपारी घराचीच सावली पडते, तुम्ही कामावर असलात तरी. रोपं भिंतीच्या जितकी जवळ ठेवाल तितकी सावली लवकर येते. पहिले दिवस अगदी भिंतीला टेकून ठेवा आणि रोज हातभर पुढे सरकवा. दुसरा उपाय पन्नास टक्के सावलीची जाळी, खुर्च्यांच्या पाठींवर ताणून बांधलेली. मेपलच्या झाडाखाली ठेवण्यावर मात्र विसंबू नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला पालवी नुकती फुटत असते, सावली विरळ असते. आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा झाकण लावून उन्हात कधीही ठेवू नका, आतली रोपं वाफेने शिजतात.

पाणी आणि वारा

घरात दोन दिवस पुरणारं पाणी बाहेर दुपारपर्यंत संपतं. सकाळी बाहेर नेण्यापूर्वी पाणी द्या, आणि काळ्या रंगाचे कप असतील तर ते एका हलक्या रंगाच्या खोक्यात एकमेकांना चिकटून ठेवा, म्हणजे बाजूने मुळं तापणार नाहीत.

दुपारी रोप मान टाकलेलं दिसलं तर लगेच झारी उचलू नका. आधी मातीत बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही रोप कोमेजलं असेल तर त्याला सावली हवी आहे, पाणी नको. ओल्या मातीत आणखी पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही. माझी पहिल्या वर्षीची रोपं उन्हाने भाजली होती, पण त्यातली बरीचशी मेली ती मी नंतर ओतलेल्या पाण्याने. शेतात आपण वाफसा बघतो, कपातही तोच बघायचा: माती ओलसर हवी, चिखल नको.

ऑन्टारिओ सरोवराच्या बाजूला राहणाऱ्यांनी वाऱ्याचा अंदाज तापमानाइतकाच गंभीरपणे घ्यावा. ताशी तीस किलोमीटरच्या वर वारा असेल तर पहिल्या आठवड्यातली रोपं आतच ठेवा, एक दिवस वाया गेला तरी. उंच झालेल्या टोमॅटोला आईस्क्रीमची काडी आणि सैल सुतळी पुरते.

रात्र

मिरची, वांगं, टोमॅटो ही तिन्ही उष्ण प्रदेशातली पिकं. दहा अंशांच्या खाली ती गारठतात, आणि त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. टोमॅटो एखादी आठ अंशांची रात्र सोसतो. मिरची आणि वांगं मात्र मी रात्री बारा अंशांच्या खाली जाणार नाहीत अशी खात्री झाल्याशिवाय बाहेर ठेवत नाही. गारठलेली मिरची लगेच मरत नाही, पण दोन-तीन आठवडे तिथल्या तिथे थांबते, आणि इथल्या छोट्या उन्हाळ्यात दोन आठवडे म्हणजे फार झाले.

टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर घाबरू नका. माती थंड असली की मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, त्याची ही खूण. खत घालून उपयोग नाही, ऊब मिळाली की रंग परततो.

हवामानाच्या अंदाजात “किमान ४ अंश” लिहिलेलं असलं तरी स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत दहिवर गोठू शकतं, कारण तो आकडा माणसाच्या छातीइतक्या उंचीवरच्या हवेचा असतो आणि अशा रात्री जमिनीजवळची हवा त्याहून गार होते. ढगाळ रात्र त्या मानाने सुरक्षित. जुनी सुती चादर हाताशी ठेवा. ती पानांना चिकटू न देता वरून टाका आणि सकाळी ऊन लागायच्या आत काढा.

कढीपत्ता आणि तुळस

हिवाळाभर खिडकीत राहिलेला कढीपत्ता हा वेगळा विषय आहे, कारण तो जुना असतो आणि त्याच्यावर आपला जीव असतो. त्याची पानं खिडकीच्या उजेडात महिनोन्महिने राहिलेली असतात, त्यामुळे त्याला दहा दिवस पुरत नाहीत. मी त्याला तीन आठवडे देते: पहिला पूर्ण आठवडा फक्त सावली, मग सकाळचं ऊन अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत. रात्री १३ अंशांच्या खाली असेल तर आत. जून लागेपर्यंत घाई नको. थोडी जुनी पानं पिवळी होऊन गळतील. शेंड्यात लालसर कोंब दिसत असेल तर झाड ठीक आहे. देठांवर तपकिरी, फोडांसारखे चिकटलेले खवले कीटक असतील तर ते बाहेर न्यायच्या आधीच ओल्या फडक्याने पुसून काढा.

तुळशीची मुळं उथळ आणि पानं मऊ, त्यामुळे ती गार वाऱ्यात सगळ्यांत आधी काळवंडते. मिरचीनंतर आठवड्याने तिला बाहेर काढा. मंजिऱ्या खुडून ठेवल्यात तर ती फांद्या फोडायला जोर लावते.

पान भाजलंच तर

पांढरा पडलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, कितीही जपला तरी. पण अर्धं पान हिरवं असेल तर ते तोडू नका, तो हिरवा भाग रोपासाठी अन्न तयार करतो आहे. रोप तीन-चार दिवस सावलीत ठेवा, पाणी मोजून द्या, खत देऊ नका आणि मग चौथ्या दिवसाच्या टप्प्यापासून परत सुरुवात करा. शेंडा जिवंत असेल तर रोप हमखास सावरतं. शेंडा गेला असेल आणि खोड हिरवं असेल तरी मिरची आणि वांगं बगलेतून फुटतात, आठवडाभर वाट बघा.

लावणी

इथे बहुतेक जण व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला लावणी करतात. २५ मेच्या आधीचा सोमवार, म्हणजे १८ ते २४ मेच्या दरम्यान तो येतो. टोमॅटोसाठी ही तारीख योग्य आहे. मिरची-वांग्यासाठी मी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबते आणि स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर सकाळी वाफ्यात बोटभर खोल खुपसून बघते. माती १६ अंशांच्या वर असली तर लावते.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. टोमॅटोचं खोड खालची पानं काढून अर्ध्यापर्यंत पुरलं तरी चालतं, गाडलेल्या भागाला मुळं फुटतात. मिरची आणि वांगं कपात होती त्याच खोलीवर ठेवा. प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठ्याची दोन इंची कडी मातीत अर्धी रोवून बसवा. रात्री मातीतून वर येणारी अळी कोवळं खोड बुडाशी कुरतडते, आणि सकाळी रोप आडवं पडलेलं सापडतं. खारी ताजी उकरलेली माती बघून उकरायला येतात, त्यासाठी पहिला आठवडा वाफ्यावर कोंबडजाळी अंथरून ठेवा.

लावणीनंतरचे पहिले तीन-चार दिवस भर दुपारी एक चक्कर मारा. रोप झुकलेलं दिसलं तर त्याच्या पश्चिमेला एखादी फरशी किंवा उलटी कुंडी उभी करा, म्हणजे उतरत्या उन्हाची तिरीप अडेल. संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर फरशी दुसऱ्या दिवशी काढून टाका. मिरचीला या काळात आलेली पहिली दोन-तीन फुलं खुडा, तिला आधी मुळं धरू द्या.